दर नवाला एक

चांदगुडे म्हणाला, बाई, टायर मोठे टाका.
वेल्ह्याच्या वाड्यांवर विजेचे खांब न्यायचेत,
तिथला चिखल माणसाचा बूट ठेवून घेतो.

ट्रक लष्कराच्या लिलावातला.
पुसलेला आकडा हिरव्या रंगाखाली
अजून तिरकं पाहिलं की वाचता येतो.
दापोडीच्या माझ्या शेडमध्ये तो मावेना.
तोंड आत, शेपूट रस्त्यावर,
आणि शेजारच्या लाँड्रीवाल्याची चार दिवस कुरकुर.

मोठे म्हणजे किती, विचारलं की
लोक हात पसरतात, मासा पकडल्यासारखे.
मी टेप लावते.
जुनं चाक सव्वाचव्वेचाळीस इंच,
नवं सव्वाएकोणपन्नास.
पाच इंचांत काय होतं, तो म्हणाला.
पाच इंचांत मडगार्ड कापावं लागतं,
स्टेपनी स्वतःच्या पाळण्यात झोपत नाही,
आणि नेल्सनची कंबर धरते.

साध्या गाडीला एवढ्यावर भागतं.
हिला हवा आतून जाते.
कंप्रेसरकडून ॲक्सलच्या पोटात,
फिरत्या हबच्या सीलमधून बाहेर,
तिथून वीतभर नळी, टायरच्या वॉल्व्हला.
ड्रायव्हरनं बसल्या जागी खटका फिरवायचा,
चालती चाकं फुगतात, चालती चाकं बसतात.

असं सील मी पहिल्यांदा तळहातावर धरलं
खडकीच्या वर्कशॉपात, एकोणिसाव्या वर्षी.
बांगडीएवढं. तेलकट.
पिल्ले उस्ताद म्हणाले होते,
बसवताना श्वास रोखू नकोस, हात थरथरतो.
तेव्हापासून मी नाजूक कामाला
मोठ्यानं श्वास घेते. लोकांना वाटतं, दमले.

संध्याकाळी सहाही चाकांत साठ भरले.
जुन्या टायरला आठ मिनिटं लागायची,
आता बारा. कंप्रेसर कुरकुरला,
पण त्याला लाँड्री नव्हती.

सकाळी एक्केचाळीस.
सगळ्यांत एक्केचाळीस, एकाही चाकात कमी नाही, जास्त नाही.
चोर कोण ते कळेना.
सगळी एका नळीवर जगतात, रात्री खटका उघडा राहिलेला,
एकाचं गळत होतं आणि पाच जण
न विचारता त्याला देत राहिले.
नेल्सननं साबणाचं पाणी लावलं.
पुढचं डावं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की
मीच कापलेल्या मडगार्डची कड
नळीला चावत होती.
चूक माझी. कानस माझ्याच हातात होती
आणि कड मोडायची मी उद्यावर टाकली होती.

खटक्याला चार घरं:
रस्ता, रान, चिखल, आणि शेवटचं, जीवावर बेतलं तर.
शेवटच्या घराखाली कुणीतरी
खिळ्यानं गुरुमुखीत काही कोरलेलं.
निगडीहून जोगासिंग नट-बोल्ट न्यायला आला,
चष्मा कपाळावर ढकलून वाचलं,
आणि पोट धरून हसला:
सासर लिहिलंय, बाई.

जाताना मी डॅशबोर्डवर पिवळ्या रंगानं लिहिलं:
काटा अधिक दर नवाला एक.
म्हणजे, चांदगुडे म्हणाला.
म्हणजे काटा चाळीस म्हणेल
तेव्हा तुम्ही साडेचव्वेचाळीसनं जात असाल.
आणि किलोमीटर?
तेही कमी मोजेल. चाक मोठं, फेरे कमी.
त्याचा चेहरा उतरला.
खांबांचं बिल किलोमीटरवर होतं.
नऊ चालल्यावर एक फुकट,
हे त्याला चिखलापेक्षा खोल गेलं.
मला नवं नव्हतं. पंधरा वर्षं
माझी हजेरी दुसऱ्याच काट्यानं मोजली,
पण ते त्याला कशाला सांगू.

गेला.
मी रस्त्यावर येऊन पाहत राहिले.
हॅरिस पुलाच्या तोंडाशी गाडी थबकली,
मागून हॉर्न, शिव्या, पुन्हा हॉर्न.
लेकानं चौथं घर फिरवून पाहिलं होतं.
सहाही चाकं हळूहळू बसली,
जावई पाटावर बसतो तशी.
मग कंप्रेसर धापायला लागला,
नेल्सननं घड्याळ पाहिलं,
आणि पूल बारा मिनिटं थांबला.